चिंगीला दिवसातून दोन वेळा सुई द्यावी का?

वाचकाचे पत्र: आमच्या घरी नऊ वर्षांची चिंगी नावाची पॉमेरेनियन कुत्री आहे. दिवाळीच्या सुमारास ती माजावर आली होती. संक्रांतीपासून ती पाण्याचे भांडे रिकामे करून पुन्हा मागू लागली, रात्री लघवीसाठी उठवू लागली आणि परसात तिने लघवी केलेल्या जागी मुंग्या लागू लागल्या. भरपूर खाऊनही तिचे वजन १३ किलोवरून ११ वर आले. बेळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा साखर ४३० निघाली. त्यांनी ४० ताकदीच्या बाटलीतले एनपीएच इन्शुलिन सकाळ-संध्याकाळ चार-चार युनिट लिहून दिले आहे आणि गर्भाशय काढून टाकण्यास सांगितले आहे. आठवडा झाला, पण सुई टोचायला माझा हात धजत नाही. तोवर तिचे जेवण मी निम्मे केले आहे. यजमानांना मधुमेह आहे. त्यांच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या किंवा त्यांचे तीस-सत्तरचे इन्शुलिन पेन तिला चालेल का? पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस लाईट नसते, मग औषध कसे टिकवावे? दीर म्हणतात, मुक्या जनावराला रोज टोचण्यापेक्षा शेतावर सोडून दे. शिवाय आषाढीला मी वारीला जाते, त्या दिवसांत काय करावे? — एक वाचक, जांबोटी परिसर, ता. खानापूर

सप्रेम नमस्कार ताई,

तुम्ही बरेच प्रश्न विचारले आहेत, पण ‘आठवडा झाला, हात धजत नाही’ हे तुमचे वाक्य मला त्या सर्वांपेक्षा महत्त्वाचे वाटते, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करते. सुई द्यावी, आणि आणखी दिवस न घालवता द्यावी. हे पत्र वाचताच डॉक्टरांना फोन करून अजून सुरुवात केलेली नाही हे त्यांना स्पष्ट सांगा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. असा उशीर अनेक घरांत होतो आणि कोणत्याही डॉक्टरला तो नवा नसतो. मात्र या क्षणी चिंगी ओकत असेल, अन्नाला तोंड लावत नसेल, एका कोपऱ्यात पडून राहत असेल किंवा तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास येत असेल, तर फोनवर न थांबता तिला आजच दवाखान्यात न्या. इन्शुलिन नसले की रक्तात साखर असूनही पेशींना ती वापरता येत नाही, शरीर चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन नावाचे आम्ल पदार्थ रक्तात साचतात आणि ती अवस्था सलाइन व दवाखान्यातील देखरेख यांच्याशिवाय सुधारत नाही.

यजमानांच्या गोळ्या चिंगीला देऊ नका. माणसांना उतारवयात होणाऱ्या मधुमेहात बहुधा स्वादुपिंड इन्शुलिन तयार करत असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. गोळ्या त्या स्थितीत उपयोगी पडतात. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या किंवा थकलेल्या असतात आणि तेथे गोळीने काही साधत नाही. कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड यांविषयीही कोणी ना कोणी तुम्हाला सुचवेलच. खानापूरच्या रानात जांभळाला तोटा नाही आणि सुचवणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो, पण यांपैकी एकही गोष्ट इन्शुलिनची जागा घेत नाही; उलट अशा रसांनी चिंगीचे पोट बिघडले आणि ती जेवली नाही, तर त्या दिवशीच्या इन्शुलिनचे काय करायचे हा नवा पेच उभा राहतो. यजमानांसाठी घरात ‘शुगर फ्री’ पदार्थ येत असतील, तर तेही तिच्यापासून दूर ठेवा. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगम किंवा मिठाई कुत्र्याच्या पोटात गेली, तर त्याची साखर झपाट्याने कोसळते आणि यकृतालाही गंभीर इजा होऊ शकते.

तुमच्या पत्रातील दिवाळी आणि संक्रांत या दोन नोंदी डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत. माज ओसरल्यानंतर सुमारे दोन महिने, गर्भ राहिलेला असो वा नसो, कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले असते. त्याच्या प्रभावाने तिच्या स्तनग्रंथींतून वाढीचे संप्रेरक रक्तात उतरते आणि ते इन्शुलिनचे काम अडवून धरते. शस्त्रक्रिया न झालेल्या, मध्यम वय उलटलेल्या कुत्रीला माजानंतर काही आठवड्यांनी मधुमेह दिसू लागणे हे म्हणूनच ओळखीचे चित्र आहे. डॉक्टरांनी गर्भाशय व बीजांडे काढण्यास सांगितले आहे, तो या उपचाराचा निम्मा भाग आहे असे समजा. कुत्री साधारणपणे सहा महिन्यांनी पुन्हा माजावर येते. म्हणजे दिवाळीनंतरचा पुढचा माज वैशाखाच्या आसपास येणार, आणि शस्त्रक्रिया तोवर झाली नाही, तर नेमक्या तुमच्या वारीच्या दिवसांत तिची साखर कोणत्याही मात्रेला जुमानणार नाही. साखर आधी अगदी आटोक्यात येऊ दे, मग शस्त्रक्रिया करू, असे म्हणून वाट पाहू नये; या स्थितीत शस्त्रक्रियेवाचून साखर आटोक्यात येणेच कठीण असते. प्रकृती थोडी सावरली की डॉक्टरांकडून तारीख ठरवून घ्या, आणि त्याच वेळी गर्भाशयात पू झालेला नाही ना हे सोनोग्राफीने पाहून घ्या, कारण माजानंतर तोही विकार होतो आणि त्यानेही साखर चढते.

शस्त्रक्रियेनंतरची एक गोष्ट आताच मनात ठेवा. अडथळा दूर झाल्यावर इन्शुलिनची गरज काही दिवसांत किंवा आठवड्यांत बरीच खाली येऊ शकते, आणि वेळेत शस्त्रक्रिया झालेल्या काही कुत्र्यांची इन्शुलिनची गरज पूर्णपणेही संपते. चिंगीच्या बाबतीत तसे होईल असे आश्वासन मी देऊ शकत नाही, पण कालपर्यंत जी मात्रा कमी पडत होती तीच उद्या जास्त होऊ शकते, हे लक्षात घेऊन त्या काळात साखर वारंवार तपासावी लागते.

आता जेवणाचे. तिचे जेवण निम्मे करणे आजपासूनच थांबवा. साखर वाढली म्हणून खाणे तोडायचे, हे आपण घरातल्या वजनदार माणसांचे पथ्य पाहून शिकलेलो असतो. पण चिंगीचे वजन आधीच उतरले आहे, तिचे स्नायू झिजत आहेत आणि खाल्लेले अंगी लागत नाही म्हणूनच ती भुकेलेली आहे. पाणीही कधी तोडू नका. रात्री उठावे लागते म्हणून काही जण संध्याकाळनंतर पाण्याचे भांडे उचलून ठेवतात, त्याने जनावर कोरडे पडते आणि आजार बळावतो. इन्शुलिन लागू पडले की तहान आपोआप कमी होईल.

तिला दोन जेवणे द्या, बारा तासांच्या अंतराने, समजा सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता, दोन्ही वेळा तोच पदार्थ आणि तेवढेच माप. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, शिजवलेली कोंबडी चरबी व कातडी काढून किंवा उकडलेले अंडे, आणि त्यात तांबडा भोपळा, दुधी किंवा घेवड्याच्या शेंगा शिजवून घातल्या, तर आपल्या घरात सहज जमेल असे अन्न होते. भाज्यांमधल्या चोथ्यामुळे साखर एकदम न चढता हळूहळू चढते. मटणाची तर्री, आमटी, कांदा-लसूण घातलेले कालवण तिच्या ताटात येऊ देऊ नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतात आणि चरबीच्या जेवणाने स्वादुपिंडाला सूज येऊन मधुमेह हाताबाहेर जातो. एक दिवस भाकरी, एक दिवस दूध-भात आणि पाहुणे आले की बिस्किटे, असे चालले, तर इन्शुलिनची कोणतीही मात्रा बरोबर बसणार नाही, कारण मात्रा ठरते ती ठराविक जेवणावर. बेळगावहून कोणी कुंदा आणला किंवा गोकाकहून करदंट आले, तर त्यातला एक तुकडाही तिच्यासाठी नाही, हे घरातल्या मुलांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना नीट सांगावे लागेल. करदंटात मनुका असल्या, तर त्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी ठरू शकतात, हे त्याचे आणखी एक कारण. दोन जेवणांमध्ये तोंडात काही द्यावेसेच वाटले, तर काकडीची फोड पुरे. आणि भाकरीचे किती, मांसाचे किती हे डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे एकदा ठरवून घ्या, म्हणजे वाटीचे माप रोज बदलणार नाही.

यजमानांच्या इन्शुलिन पेनविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण एकाच घरात माणसाचे आणि कुत्र्याचे अशी दोन इन्शुलिने असणे ही या आजारातली मोठी जोखमीची जागा आहे. तीस-सत्तर हे दोन प्रकारच्या इन्शुलिनांचे मिश्रण आहे. त्यातला एक भाग झटपट काम करतो, आणि डॉक्टरांनी चिंगीला लिहून दिलेले एनपीएच हे मध्यम गतीने काम करणारे एकच इन्शुलिन आहे. दोन्ही पांढरट दिसतात म्हणून एकाच्या जागी दुसरे चालत नाही. दुसरी गोष्ट ताकदीची. आपल्याकडे इन्शुलिनच्या साध्या बाटल्या बहुधा एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असणाऱ्या असतात आणि पेनमधील औषध १०० युनिटचे असते. चाळीसच्या बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते आणि शंभरच्या औषधासाठी नारिंगी टोपणाची. पेनमधले शंभरचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये चारच्या रेघेपर्यंत ओढले, तर चिंगीच्या अंगात चार नव्हे, दहा युनिट जातील, आणि ११ किलोच्या जनावराला ते जिवावर बेतू शकते. उलट चाळीसच्या बाटलीतले औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजने चारच्या रेघेइतके घेतले, तर जेमतेम दीड युनिट जाईल आणि औषध लागू पडत नाही असे वाटून मात्रा विनाकारण वाढवली जाईल. म्हणून औषधाच्या दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी बाटलीवरचा ४० हा आकडा आणि सिरिंजच्या टोपणाचा लाल रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. दुकानदाराशी बोलणे कानडीत होवो वा मराठीत, जुनी बाटली आणि जुनी सिरिंज त्याच्यासमोर ठेवणे हा चुकू न देणारा मार्ग आहे. घरातही चिंगीचे सामान वेगळ्या डब्यात, तिचे नाव लिहून ठेवा.

सुई देण्याची रीत दवाखान्यात एकदा डॉक्टरांच्या समोर, स्वतःच्या हाताने करून पाहा. नुसते पाहून घरी आलात तर पुन्हा हात अडेल. बाटली फ्रीजमधून काढून दोन्ही तळव्यांमध्ये हलकेच घोळवा, खळखळ हलवू नका. औषध सगळीकडे सारखे दुधाळ दिसले पाहिजे. घोळवूनही त्यात गुठळ्या राहिल्या किंवा काचेला कण चिकटलेले दिसले, तर ती बाटली टाकून द्या. आधी चिंगीला जेवायला द्या आणि तिने नेहमीसारखे खाल्ले हे पाहिल्यावरच सुई द्या. पाठीच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या मागे किंवा बरगड्यांवर कातडी चिमटीत उचलली की खाली एक लहानशी पोकळ घडी तयार होते. सुई त्या घडीच्या पायथ्याशी, अंगाला जवळजवळ समांतर धरून आत न्यायची आणि दट्ट्या शेवटपर्यंत सावकाश दाबायचा. जागा रोज थोडी बदलावी, नाहीतर एकाच ठिकाणी गाठ होऊन औषध नीट शोषले जात नाही. चिंगीसारख्या दाट केसांच्या कुत्रीत एक गफलत होते: सुई घडीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर येते आणि औषध केसांत सांडते. बोट लावून पाहिले तर तेथे ओल लागते आणि औषधाचा उग्र वास येतो. तसे झाले, किंवा औषध आत गेले की नाही अशी नुसती शंका जरी आली, तरी पुन्हा सुई देऊ नका. पुढच्या वेळेपर्यंत थांबा. तिथले केस डॉक्टरांकडून थोडे कापून घेतले, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. प्रत्येक वेळी नवी सिरिंज वापरा आणि वापरलेल्या सिरिंजा घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात परत द्या. उकिरड्यावर टाकलेली सुई कोणा सफाई करणाऱ्याच्या किंवा गाईच्या पायात घुसते.

एक गोष्ट मला सर्वांत आग्रहाने सांगायची आहे: चढलेल्या साखरेपेक्षा उतरलेल्या साखरेला अधिक भ्या. चिंगीची साखर तीनशेवर राहिली, तर तिला तहान लागेल, ती थकेल, काही आठवड्यांत आणखी बारीक होईल. पण मात्रा दुरुस्त करायला तेवढ्या काळात वाव असतो. साखर ६० च्या खाली गेली, तर हाताशी काही मिनिटेच असतात. सुई दिल्यानंतर काही तासांनी ती अडखळत चालू लागली, मागचे पाय लटपटू लागले, थरथर सुटली, हाक मारूनही नुसती टक लावून पाहत राहिली किंवा तिला झटके आले, तर साखर तपासण्यात वेळ घालवू नका. आपल्या भागात घरोघरी काकवी असते, यासाठी ती उत्तम. नसल्यास मध किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात कालवून घट्ट करून घ्या. एक-दोन चमचे बोटाने तिच्या हिरड्यांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला चोळा. ती शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही ओतू नका, कारण ते श्वासनलिकेत जाते. झटके चालू असताना दातांच्या मध्ये बोटही घालू नका. ती सावरून उभी राहिली की थोडे जेवण द्या, डॉक्टरांना फोन करा आणि त्यांना विचारल्याशिवाय पुढची सुई देऊ नका. ती सावरली नाही, तर काकवी चोळत-चोळतच गाडीत घाला. काकवीची छोटी बाटली इन्शुलिनच्याच डब्यात राहू द्या, म्हणजे त्या घाईत शोधाशोध होणार नाही.

ज्या दिवशी ती जेवणार नाही, त्या दिवशी पूर्ण मात्रा देऊ नका. अर्धे जेवली तर किती, अजिबात नाही जेवली तर काय, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या, म्हणजे सकाळी सात वाजता दवाखाना उघडण्याची वाट पाहावी लागणार नाही. एखादी सुई चुकली, तर मोठे नुकसान होत नाही. चुकलेली भरून काढण्यासाठी दुप्पट मात्रा देणे मात्र कधीही करू नये. तसेच आज पाणी जास्त प्याली म्हणून पाच युनिट, उद्या बरी दिसते म्हणून तीन, असे मनाने करू नका. नव्या मात्रेचा खरा परिणाम दिसायला आठवडाभर तरी जातो, आणि त्यानंतर डॉक्टर बारा तास दर दोन तासांनी साखर मोजून तिचा आलेख काढतात. साखर सर्वांत खाली किती जाते आणि केव्हा जाते हे त्यातून कळते, आणि मात्रा त्या खालच्या आकड्यावरून ठरवायची असते. यजमानांच्या ग्लुकोमीटरवर घरी कानाच्या कडेचा थेंब घेऊन साखर पाहता येते, पण माणसांचे यंत्र कुत्र्याची साखर बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते. त्यामुळे दवाखान्यात एकदा दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून फरक समजून घ्या आणि त्या आकड्यावरून स्वतः मात्रा बदलू नका. घरच्या नोंदींपैकी मला सर्वांत विश्वासार्ह वाटतात त्या पाणी आणि वजन या दोन. सकाळी एक लिटर मोजून भांड्यात घाला आणि रात्री किती उरले ते लिहा. ११ किलोची कुत्री दिवसाला एक लिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल, तर साखर अजून आटोक्यात नाही असे धरा. वजन आठवड्यातून एकदा, तिला कडेवर घेऊन आणि मग एकट्याने काट्यावर उभे राहून काढता येते.

लाईट जाण्याची काळजी तुम्हाला वाटते तेवढी करू नका. इन्शुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांमध्ये ठेवायचे असते, पण वापरात असलेली एनपीएचची बाटली ३० अंशांच्या आतल्या हवेत महिनाभर टिकते, आणि जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात हवा त्याहून बरीच थंड असते. दोन दिवस वीज नसली, तर फ्रीजचे दार बंद ठेवणे एवढेच पुरे. खरी काळजी घ्यायची ती चैत्र-वैशाखातल्या दुपारी. तेव्हा वीज गेली, तर बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती डबी माठातल्या पाण्यात सोडा. उष्णतेइतकीच थंडीचीही भीती असते. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला खेटून ठेवलेले इन्शुलिन गोठले, तर ते वितळल्यावर जसेच्या तसे दिसले तरी निकामी झालेले असते. बेळगावहून बसने आणताना बाटली बर्फाला थेट टेकवू नका आणि उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नका. चाळीसच्या दहा मिलीलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात, चिंगीला दिवसाला आठ लागतील, म्हणजे हिशेबाने ती पन्नास दिवस पुरते. तरीही उघडलेली बाटली महिन्याने बदलावी, तळाशी औषध शिल्लक असले तरी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा.

डोळ्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण सांगणे आवश्यक आहे. मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो, साखर बऱ्यापैकी आटोक्यात असली तरीही. बुबुळात पांढुरके ढग दिसू लागले, तर घाबरू नका. घरातल्या वस्तूंच्या जागा बदलल्या नाहीत, तर कुत्रे नाकाच्या आणि कानाच्या आधाराने चांगले वावरते, आणि मोठ्या शहरांतील पशुनेत्रतज्ज्ञ शस्त्रक्रियाही करतात. डोळा लाल झाला, ती तो मिचकावू लागली किंवा पंजाने चोळू लागली, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. तसेच खाज सुटली म्हणून कोणी इंजेक्शन देऊ लागले, तर ती मधुमेही आहे हे आधी सांगा. खाजेच्या औषधांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते आणि त्याने साखर उसळते. लघवी थेंबथेंब होणे, दातांना कीड, हिरड्यांतून पू यांनीही साखर चढते, म्हणून अशी लहानसहान दुखणी अंगावर काढू नका.

आता दिरांच्या बोलण्याविषयी. त्यांना चिंगीचा त्रास पाहवत नाही असेच मी मानते, पण शेतावर सोडणे म्हणजे तिला इन्शुलिनशिवाय, उपाशी आणि तहानलेल्या अवस्थेत एकटीला मरण्यासाठी सोडणे आहे. त्याला त्रासातून सोडवणे म्हणता येणार नाही. इन्शुलिनची सुई लसीच्या सुईहून पुष्कळ बारीक असते आणि बहुतेक कुत्री आठवडाभरात तिच्याकडे लक्षही देईनाशी होतात. दिरांना आणखी एक गोष्ट जरूर सांगा. १८८९ मध्ये जर्मनीच्या ताब्यातील स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह झाला आणि या आजाराचे मूळ कोठे आहे ते कळले. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्शुलिन वेगळे काढले आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका मुलाला देण्यात आले. तुमच्या यजमानांना रोज मिळणारे औषध त्या कुत्र्यांच्या जिवावर उभे राहिले आहे, आणि तेच आता चिंगीच्या वाट्याला आले, तर त्यात वावगे काय आहे? तरीही काही कारणाने घरात हे खरोखरच निभावणार नाही असे पुढे दिसले, तर ते डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगा. औषधाविना झिजत ठेवण्यापेक्षा किंवा बाहेर सोडण्यापेक्षा दवाखान्यात वेदनेविना दिलेले मरण कमी क्रूर असते, असे माझे मत आहे. पण नऊ वर्षांच्या, भूक शाबूत असलेल्या कुत्रीसाठी आज तो विचार करण्याचे कारण मला दिसत नाही.

वारीला तुम्ही जरूर जा. शेजारच्या घरातील किंवा तुमच्याच घरातील ज्या व्यक्तीला चिंगी ओळखते आणि जिला जनावरांची आवड आहे, तिला आतापासून आठवड्यातून एक-दोनदा तुमच्यासमोर सुई द्यायला लावा, म्हणजे ज्येष्ठ लागेपर्यंत दोघींचाही हात बसेल. यजमानांनाही हे शिकवून ठेवा. त्यांना सिरिंजची ओळख आहे, फक्त पेन आणि बाटली यांत गल्लत होऊ नये यासाठी त्यांचे सामान आणि चिंगीचा डबा फ्रीजच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असू द्या. फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवा आणि त्यावर जेवणाचे माप, मात्रेचा आकडा, लाल टोपण, न जेवल्यास काय करायचे, काकवी कशी चोळायची आणि डॉक्टरांचा फोन एवढेच लिहा. मदत करणारी व्यक्ती कानडी वाचणारी असेल, तर तोच मजकूर कानडीतही लिहून घ्या. सुई दिली की त्या माणसाने लगेच त्याच कागदावर वेळ लिहून सही करायची, कारण घरात दोन माणसे सुई देऊ लागली की एकाने दिलेली दुसऱ्याला न कळून दुसऱ्यांदा दिली जाण्याचा धोका असतो. वारीच्या दिवसांत मात्रेत किंवा जेवणात कोणताही बदल येऊ देऊ नका आणि निघण्यापूर्वी आठ दिवस आधी डॉक्टरांकडून एकदा साखरेचा आलेख काढून घ्या.